ब्रास्कांचा माळ

ब्रास्कांच्या घरात एक गोष्ट दर हिवाळ्यात निघायची. ती सांगायचा मान येप्पे आजोबांचा आणि ती मध्येच तोडायचा मान किर्स्टीन आजीचा. लहानग्या दाग्मारला दोन्ही सारखंच आवडायचं. बाहेर आयोवाच्या माळावर बर्फ दाराच्या कडीपर्यंत चढलेलं असायचं, चुलीवर कॉफीचं भांडं खदखदत असायचं, आणि आजोबा सुरुवात करायचे ती नेहमी वाळूपासून.

येप्पे ब्रास्क हा डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. तिकडे समुद्रावरून वारा येतो तो रिकाम्या हातानं येत नाही, वाळू घेऊन येतो. त्याच्या वडिलांचं शेत त्या वाळूनं घास घास करून खाल्लं. आधी बांध दिसेनासा झाला, मग बटाट्याचे वाफे गेले, मग एका सकाळी गोठ्याचं दारच उघडेना. बाप जन्मभर फावड्यानं वाळू लोटत राहिला आणि लोटता लोटताच संपला. येप्पे लग्न करून बोटीत चढला तो त्या वाळूपासून पळून. आयोवात त्याच्या वाट्याला जो माळ आला त्यावर झाड म्हणून एक नव्हतं. नजर जाईल तिथवर गवत, आणि शरद लागला की ते गवत घोड्यावरच्या माणसाच्या छातीला लागायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं विहीर खणायला घेतली. येप्पे खाली कुदळ मारायचा आणि किर्स्टीन वर रहाट फिरवून मातीची बादली ओढायची. इथे आली की गोष्ट आजीच्या ताब्यात जायची.

"पोटात हा होता," आजी कोपऱ्यातल्या आपल्या मुलाकडे, आयनरकडे, सुई रोखून म्हणायची, "आणि हातात रहाट. खालून कुदळीचा आवाज अचानक बंद. मी ओरडले, येप्पे, पाणी लागलं का? उत्तर नाही. येप्पे, जिवंत आहेस ना रे?"

"मी म्हटलं, थांब जरा, मुळं आहेत," आजोबा सांगायचे.

"आणि मी म्हटलं, कसली मुळं? या अख्ख्या मुलखात मला एक झाड दाखव! ये वर आधी. तुझ्या डोक्याला हवा कमी पडतेय."

पण येप्पे वर आला तो बऱ्याच वेळानं, मनगटाला पांढरट दोऱ्याची गुंडाळी करून. त्यानं ती किर्स्टीनच्या पायापासून लांबवर जमिनीवर पसरली. गवताचंच मूळ होतं ते. वर कमरेइतकं गवत, आणि खाली एकावर एक दोन माणसं उभी केली तरी ते मूळ पुढे चाललेलंच. विहिरीच्या चारी अंगांना, मातीत, केसांसारखं दाट. किर्स्टीननं झग्याला हात पुसून ते मूळ उचललं आणि त्याचं टोक शोधू लागली.

"त्या दिवशी मला कळलं," आजोबा म्हणायचे, "की आपण माळावर राहायला आलो नव्हतो. माळाच्या छपरावर राहायला आलो होतो. खरं घर खाली होतं."

त्या संध्याकाळी त्यानं ठरवलं की विहिरीमागचा उतार कधी नांगरायचा नाही. वर्षातून एकदा वैरणीला कापायचा, बस्स. किर्स्टीननं विचारलं, का? तर म्हणाला, ते धरून बसलंय. काय धरून बसलंय? सगळं, येप्पे म्हणाला.

कोपऱ्यात घोड्यांचा साज शिवत बसलेला आयनर, म्हणजे दाग्मारचे वडील, मान वर न करता म्हणायचे, "बाबा, ती मुळं दर हिवाळ्यात थोडी लांब होतात. गोष्टीतच वाढतायत ती."

सगळे हसायचे. आजोबासुद्धा.

आयनर ब्रास्क हा वाईट माणूस नव्हे. उलट पंचक्रोशीत त्याच्यासारखं नांगराचं सरळ तास कुणी ओढत नसे. पण तो वाळूतून आला नव्हता. काळ्या, लोण्यासारख्या मातीत तो जन्मला होता आणि ती माती कधी संपेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शेजारी त्या उताराला 'आळशाचा तुकडा' म्हणायचे ते त्याला लागायचं. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत गव्हाला अशी मागणी आली की लोकांनी ओढ्याचे काठ नांगरले, कुरणं नांगरली, एकानं तर कबरस्तानाच्या कुंपणापर्यंत नांगर नेला. एके सकाळी आयनरनं घोडे जुंपले आणि कुणाला काही न बोलता उताराच्या टोकाशी नांगर लावला.

दाग्मार तेव्हा शाळकरी पोर. तिनं आयुष्यात तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. नांगरल्या जमिनीत फाळ गेला की नुसती कुजबुज होते. इथे मुळं तुटत होती ती जाड कापड टराटरा फाडावं तशी, आणि मधूनच एखादं जाड मूळ बंदुकीसारखं वाजायचं. घोडे कान पाडून ओढत होते. आयनरनं उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तास ओढलं आणि वळला.

वळला तर आजोबा तासात गुडघ्यांवर बसलेले. ते नांगरापुढे आले नाहीत, ओरडले नाहीत. ज्या टोकापासून तास सुरू झालं होतं तिथून ते उलटलेली ढेपळं दोन्ही हातांनी पुन्हा पालथी करून, गवत वर येईल अशी, जागच्या जागी बसवत होते. म्हाताऱ्या हातांना एकेक ढेपळ उचलत नव्हतं. बसवलं की तळहातानं थोपटायचे आणि पुढे सरकायचे.

"बाबा, उठा," आयनर म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत."

"अहो, किती ढेपळं आहेत ती! दिवस जाईल तुमचा."

"माझ्याकडे दुसरं काम नाही."

दाग्मारनं वडिलांकडे पाहिलं, मग आजोबांकडे. मग तिनं झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. आयनर बराच वेळ लगाम धरून उभा होता. शेवटी त्यानं घोडे सोडले आणि घराकडे नेले. त्या विषयावर बापलेकांत पुन्हा एक शब्द झाला नाही. आजोबा पुढच्या वर्षी गेले, मागोमाग आजीही गेली, आणि आयनरनं त्या उताराला नांगर कधी लावला नाही. पण पटलं म्हणून नव्हे. हरलो म्हणून.

दाग्मार मोठी झाली आणि जवळच्याच एका खोलीच्या शाळेत शिक्षिका झाली. शाळा म्हणजे मक्याच्या शेतांमधली एक पांढरी खोली. आत एक शेगडी, बाहेर एक हातपंप, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची पोरं एकाच छपराखाली. शेत तिच्या भावाचं, व्हिगोचं व्हायचं होतं. पण व्हिगोला डुकरांचा वास सहन होत नसे. तो एका वसंतात कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथून संत्र्याच्या बागेतला हसरा फोटो पाठवला. पुढे आयनरला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. आई आधीच वारली होती. तेव्हा दाग्मारनं शाळाही सोडली नाही आणि शेतही. पहाटे धारा काढायच्या, वडिलांना न्याहारी भरवायची, शाळेत जायचं, आणि शाळा सुटली की घोडे जुंपायचे.

शेजारचा लॉरिट्स हॉलगोर हा एकटा जीव. आडदांड, तोंडाळ, आणि मनातून दाग्मारवर जीव असलेला. त्यानं एकदा चर्चच्या जेवणात, हातात गोड पुऱ्यांची बशी धरून, तिला मागणी घातली होती.

"लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवत नाहीत, लॉरिट्स," ती म्हणाली.

"मग सोड शाळा. माझं घर आहे, गोठा आहे."

"तुझ्या गोठ्याला वाचायला शिकवू?"

लॉरिट्सनं तिथेच बशीतल्या सगळ्या पुऱ्या एकट्यानं संपवल्या. त्यानंतर त्यांची मैत्री झाली ती कायमची.

दाग्मारच्या शिकवण्यात तो उतार कसा आला ते तिलाही सांगता आलं नसतं. पण सप्टेंबर लागला की ती पोरांना तिथे घेऊन जायची. तिथे माणसाहून उंच एक झाड यायचं, सूर्यफुलासारख्या पिवळ्या फुलांचं. त्याची मोठी, कातरलेली पानं उभी राहायची ती उत्तर-दक्षिण धार धरून. पोरांचे डोळे बांधून ती त्यांना गरागरा फिरवायची आणि मग पान चाचपून उत्तर दिशा ओळखायला लावायची. पोरं पळत जाऊन दहा झाडं चाचपायची, सगळी एकच सांगायची. मग त्या झाडाच्या दांड्यातून पाझरलेला डिंक चघळत सगळे परतायचे. उंच गवताच्या तुऱ्याला तीन बोटं फुटायची, त्याला पोरं टर्कीचा पाय म्हणायची. आजोबांची विहिरीची गोष्ट मात्र तिनं पोरांना कधी सांगितली नाही. शिक्षिकेनं जे पाहिलं नाही ते खरं म्हणून सांगू नये असं तिला वाटायचं. आणि वडिलांचं ते वाक्य तिच्या मनात कुठेतरी रुतलेलं होतंच. गोष्टीतच वाढतायत ती.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष, दोन वर्षं. मका गुडघ्याएवढा होऊन करपायचा. चौतीस सालच्या मे महिन्यात शाळा सुटीला आली होती, तेव्हा एके दिवशी सकाळी आकाश निरभ्र होतं. दाग्मार फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होती. लॉरिट्सची पुतणी एल्से खिडकीशी बसायची, ती म्हणाली, "मिस ब्रास्क, पाऊस येतोय."

सगळी पोरं खिडकीकडे धावली. पश्चिमेला जमिनीपासून आभाळापर्यंत एक काळी भिंत उभी होती आणि ती चालत येत होती. वीज नव्हती, गडगडाट नव्हता. पुढे पक्षी उडत येत होते, थव्यांनी, ओरडत.

"तो पाऊस आहे ना, मिस ब्रास्क?"

"नाही," दाग्मार म्हणाली. "ती कुणाची तरी जमीन आहे."

तिनं पोरांचे रुमाल हातपंपाखाली ओले करून आणले, तोंडाला बांधायला लावले, दाराखाली कोट कोंबले. मग सूर्य विझला. दुपार असून शेजारचं पोर दिसेना. कंदील लावला तर त्याची ज्योत तांबड्या ठिपक्याएवढी. वारा खोलीला धक्के देत होता आणि भिंतीच्या फटीतून माती आत येत होती, पिठासारखी मऊ. दाग्मारनं सगळ्यांना एकमेकांचे हात धरून बसवलं आणि पाढे म्हणायला लावले, मोठ्यानं, म्हणजे कोण गप्प झालं ते कळावं. ती स्वतः अंधारात पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवत फिरत राहिली. तिला भीती वाटली का असं पुढे कुणी विचारलं की ती म्हणायची, भीती वाटायला जागाच नव्हती, ते फार मोठं होतं.

वारा पडला तेव्हा संध्याकाळचा उजेड होता, पण तपकिरी. ती पोरांना घेऊन निघाली. रस्ता ओळखू येत नव्हता. कुंपणाला वाऱ्यानं उडून आलेली काटेरी झुडपं अडकली होती, त्यांच्यावर माती साचून कुंपणं गडप झाली होती, आणि एक वासरू त्यावरून आरामात चालत या शेतातून त्या शेतात गेलं. लॉरिट्सच्या शेतातली वरची माती पार गेली होती. खाली पिवळी, टणक, लादीसारखी जमीन उघडी पडली होती आणि गेल्या वर्षीची मक्याची मुळं त्यावर बोटांसारखी उभी होती.

मग ब्रास्कांचा उतार आला, आणि एल्सेनं दाग्मारचा हात सोडला.

उतार हिरवा होता. धूळ तिथेही पडली होती, पण गवताच्या काड्यांमध्ये, बुंध्याशी, कुणी चाळणीनं चाळून घातल्यासारखी. वर गवत वाऱ्यानं पडून पुन्हा उठलं होतं. मध्ये मध्ये नारिंगी, पिवळी रानफुलं, तोंड झटकून उभी. चहूकडे मेलेला मुलूख, आणि मध्ये तो एक जिवंत तुकडा.

"इथे वादळ आलंच नाही?" एल्सेनं विचारलं.

"आलं. पण त्याला इथून काही उचलता आलं नाही."

पोरांनी न सांगता बूट काढले. का काढले ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अनवाणी पायांनी ती हळूहळू उतारावर गेली आणि तिथे बसून राहिली. नेहमी दंगा करणारी ही पोरं चर्चमध्येही इतकी शांत कधी बसली नव्हती.

त्या उन्हाळ्यात ब्रास्कांची विहीर आटली. तळाला चिखल उरला. दाग्मारनं ठरवलं की आणखी खोल खणायची. लॉरिट्स मदतीला आला आणि बाह्या सरसावून विहिरीच्या तोंडाशी उभा राहिला.

"मी उतरतो. तू रहाट धर."

"तुझ्या वजनाला हा दोर पुरायचा नाही. मीच उतरते."

"बाईमाणूस विहिरीत!"

"माझी आजी रहाट ओढायची तेव्हा तिच्या पोटात बाबा होते. तुझ्या पोटात फक्त बटाटे आहेत, तुला जड जाणार नाही. धर दोर."

दाग्मार खाली उतरली. जसजशी खाली गेली तसतसं ऊन वर राहिलं आणि गारवा अंगाला लागला. विहीर आजोबांनी दगडांनी बांधून घेतली होती, त्यामुळे माती कुठे दिसत नव्हती. पण बऱ्याच खोलवर, उताराच्या बाजूचा एक दगड कोरड्या वर्षांत सैल होऊन कललेला होता. डोक्यात पडू नये म्हणून तिनं तो ओढून काढला आणि कंदील जवळ नेला.

दगडामागच्या मातीत मुळं होती. पांढरी, बारीक, हजारो. वरून खाली येत होती आणि अजून खाली जात होती. तिनं हात लावला. माती ओली होती आणि मुळं ताठ, गार, भरलेली होती. वर मुलूखभर भेगा पडल्या होत्या. ओढे वाळले होते, गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या. आणि इथे खाली, काळोखात, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं ते गवत शांतपणे पाणी पीत होतं. दाग्मारनं कपाळ त्या मातीला टेकवलं. आजोबा खरं बोलले होते. उलट कमीच सांगितलं होतं त्यांनी. हे सांगता येण्यासारखं नव्हतंच.

"दाग्मार!" वरून लॉरिट्सचा आवाज आला. "बादली पाठव! झोपलीस की काय?"

"थांब जरा," ती म्हणाली. "मुळं आहेत."

"मग त्यांना विचार ना, पाणी कुठंय ते!"

तो चेष्टेनं बोलला होता, पण तिनं तेच केलं. मुळं ज्या अंगाला झुकली होती त्या अंगाला तळ खोदत गेली. त्या दिवशी चिखल निघाला, दुसऱ्या दिवशी जास्त ओला चिखल, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या घोट्याशी पाणी आलं, थंड आणि गढूळ. लॉरिट्सनं वर टोपी भिरकावली ती विहिरीतच पडली.

ती वर आली तेव्हा तिच्या मनगटाला एक लांब मूळ गुंडाळलेलं होतं. हात न धुता ती सरळ घरात गेली. आयनर खिडकीशी खुर्चीत बसले होते. तिनं ते मूळ त्यांच्या चांगल्या हातात ठेवलं.

"बाबा, विहिरीतलं आहे. दगडामागचं."

आयनर मुळाकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते मांडीवर पसरलं. मांडीवरून ते खाली लोंबलं, जमिनीवर आलं, खुर्चीच्या पायाशी वेटोळं होऊन पडलं, तरी संपलं नाही. जड जिभेनं एकेक शब्द लावत ते म्हणाले, "खोटं... नव्हतं."

"नाही बाबा."

"मला... तिकडे ने."

खुर्चीत बसवून न्यावं असा रस्ता नव्हता. शेवटी लॉरिट्सनं शेण वाहायची हातगाडी धुऊन काढली, तिच्यात गोधडी अंथरली, आणि दोघांनी आयनरना तिच्यात बसवलं. "राजाची स्वारी," लॉरिट्स म्हणाला. "फक्त वास तेवढा सांभाळा, महाराज." आयनरच्या अर्ध्या तोंडानं हसू फुटलं.

उतारावर आयनरनी हातानं खूण करून गाडी एका जागी थांबवायला लावली. दाग्मारला आधी कळेना. मग दिसलं. गवतातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फिकट रेघ गेली होती. त्या पट्ट्यात गवत विरळ होतं, फुलं नव्हती. आजोबांनी ढेपळं परत बसवली होती, पण तुटलेली मुळं कुणी परत जोडली नव्हती. इतक्या वर्षांनीही जमीन तो एक दिवस विसरली नव्हती.

आयनर खाली उतरायला धडपडले. दोघांनी धरून बसवलं. ते त्या रेघेवर तळहात फिरवत राहिले.

"एकच... तास," ते म्हणाले.

"एकच, बाबा."

"आणि... अजून..." पुढचा शब्द आला नाही. बऱ्याच वेळानं ते पुन्हा बोलले, या वेळी जवळजवळ स्पष्ट. "म्हाताऱ्यानं... मला... वाचवलं."

लॉरिट्स तोंड फिरवून दूर जाऊन उभा राहिला. आयनर त्या हिवाळ्यात गेले. पण त्या आधीच्या शरदात ते दर चांगल्या दिवशी हातगाडीतून उतारावर जात, आणि नेणारा बहुतेक वेळा लॉरिट्सच असे.

त्याच शरदात दाग्मारनं शेजाऱ्यांना बोलावलं. उतारावरची वैरण त्या वर्षी आसपास मिळणारी एकमेव वैरण होती. ती सगळ्यांनी मिळून कापली आणि ज्याच्या गोठ्यात जितकी जनावरं तितका वाटा नेला. 'आळशाचा तुकडा' हा शब्द त्या दिवशी कुणी काढला नाही. पण कापायच्या आधी तिनं शाळेतल्या पोरांना पिठाच्या रिकाम्या पिशव्या दिल्या आणि गवताचे पिकलेले तुरे, ते टर्कीचे पाय, ओरबाडून भरायला लावले. मग ती त्या पिशव्या घेऊन लॉरिट्सकडे गेली.

"हे काय?"

"बी. तुझ्या उघड्या पडलेल्या शेतात टाकायचं."

"म्हणजे माझ्या बापानं जे उपटायला जन्म घालवला ते मी पेरायचं?"

"हो."

लॉरिट्सनं डोकं खाजवलं. "तुझं ऐकून मी एकदा पुऱ्यांनी पोट बिघडवून घेतलंय, दाग्मार," तो म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकली. पोरांनी रांगेत चालत, मुठीमुठीनं बी उधळलं. एल्से सर्वांत पुढे होती.

पुढच्या वसंतात लॉरिट्सच्या शेतात जे उगवलं ते बघून लोक हसले. विरळ, केसांसारखी पाती. उन्हाळाभर ती बोटभर वाढली. दुसऱ्या वर्षीही फार काही नाही. लॉरिट्स कुंपणावरून ओरडायचा, "मिस ब्रास्क! तुमच्या गवताला वर यायची लाज वाटते का?"

"आधी खाली जातंय ते. तुझ्यासारखं नाही, पाया न घालता बोलायला सुरुवात करायची."

तिसऱ्या वर्षी पाऊस थोडा बरा झाला आणि ते गवत उठलं. नुसतं उठलं नाही, शरदात लॉरिट्सच्या खांद्याला लागलं. वारा आला की उघड्या पडलेल्या त्या लादीवरून आता लाट जायची, तांबूस, निळसर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून बघायचे. मग दुसऱ्यानं बी मागितलं, मग तिसऱ्यानं. शाळेतल्या पोरांना दर शरदात हे काम लागलं. दाग्मारनं त्यांना आता विहिरीची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती, आणि सांगताना ती मुळं तिळमात्रही लांब करत नसे. तशी गरजच नव्हती.

त्याच्या पुढच्या जूनमध्ये एकदा ती शाळेची साफसफाई करून परतत होती. लॉरिट्स कापणीचं यंत्र शेताच्या कडेला लावून, घोडे सोडून, कुंपणावर बसलेला होता. आभाळात पावसाचं चिन्ह नव्हतं, गवत कापणीला आलेलं होतं.

"यंत्र मोडलं का?"

"हळू बोल," लॉरिट्स कुजबुजला. "तिकडे बघ."

गवतातून एक पक्षी वर उसळला. पोट काळं, पाठ पांढरी, मानेवर लोण्याच्या रंगाचा ठिपका, जणू घाईत कपडे उलटे घातलेले. वर जाता जाता तो गात होता, एकात एक मिसळलेले स्वर, पाणी दगडांवरून धावावं तसे. मग तो खाली आला, दुसरा उठला, तिसरा उठला. बॉबोलिंक होते ते. दाग्मारनं ते लहानपणी आजोबांच्या उतारावर एखाददुसरे पाहिले होते. इतके कधीच नाही.

"खाली घरटी आहेत," लॉरिट्स म्हणाला. "सकाळी पाय ठेवणारच होतो एकावर. पाच अंडी. एवढी एवढी." त्यानं राकट बोटांच्या टोकांनी माप दाखवलं. "कुठून आले गं हे? कुणी सांगितलं त्यांना?"

"माहीत नाही."

"तू शिक्षिका आहेस ना?"

"तरी माहीत नाही, लॉरिट्स."

"पिल्लं उडाली की कापीन."

"तोवर गवत जून होईल. गाई तोंड लावणार नाहीत."

"नको लावू देत," लॉरिट्स हॉलगोर म्हणाला, आणि सरकून त्यानं कुंपणावर तिला जागा करून दिली.

दाग्मार ब्रास्क ती शाळा बंद होईपर्यंत तिथे शिकवत होती. पुढे पोरं मोठ्या पिवळ्या बसनं गावातल्या शाळेत जाऊ लागली. तिनं लग्न केलं नाही, आणि लॉरिट्सनंही नाही. पण रविवारचं जेवण दोघांनी म्हातारपणापर्यंत एकत्रच घेतलं. उतार तिनं एल्सेच्या नावानं करून दिला. अट एकच, नांगर लावायचा नाही, आणि ती एल्सेला समजावून सांगावी लागली नाही. दर उन्हाळ्यात एल्से कापणी उशिरा करते. पिल्लं उडाल्यावर.